प्रतियोगी भाऊ : ‘डबल ड्रॅगन’ची घरगुती आवृत्ती



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. म्हणाले, “सर, लिहिताना काही चूक तर नाही ना झाली?” चूक झालेली नाही. आयुष्यभर वर्गात कान्ट आणि न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाने मारधाडीच्या व्हिडिओ गेमवर बोलायला उभे राहावे, हे जरा चमत्कारिक आहे, आम्हाला मान्य आहे. पण समीक्षेतला एक जुना प्रश्न या खेळाने आमच्यासमोर जितका स्वच्छ मांडला, तितका तो कित्येक ग्रंथांनीही मांडला नव्हता. म्हणून हे धाडस.

प्रश्न असा. एखादी कृती एका माध्यमातून दुसऱ्या, तोकड्या माध्यमात न्यायची आहे. नेताना तिचा काही भाग गळणार, हे ठरलेलेच. मग जे हाती उरले त्याचे मोल आपण कशावरून करायचे? किती उरले यावरून? की जे गेले त्याचे पुढे काय केले, यावरून?

आधी थोडी हकिगत सांगतो. आमच्या घरी व्हिडिओ गेम आला १९९४ साली. त्या काळी बाजारात जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला मिळायच्या, त्यातलाच एक. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. हा विधी इथल्या पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांनी केलेला असणार. आमचे थोरले चिरंजीव तेव्हा बारा वर्षांचे, धाकटे आठ. एका रविवारी दुपारी धाकटा आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, यात शेवटी दादाच वाईट निघतो. का?” आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता विचारलं, “कशात?” “डबल ड्रॅगनमध्ये. सगळ्यांना मारलं की शेवटी भाऊच येतो मारायला.” आतल्या खोलीतून थोरला ओरडला, “पार्लरमध्ये तसं नसतं! तिथे ते दोघं एकत्र असतात!” त्यावर धाकट्याने साहजिकच विचारलं, “मग आपल्याकडे का नाही?” आम्ही म्हणालो, “आपली कॅसेट स्वस्तातली आहे म्हणून.” आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

ते उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे आज देतो आहोत.

आधी मूळ खेळाविषयी. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगावे लागेल. १९८७ साली जपानमधल्या टेक्नोस जपान या कंपनीने ‘डबल ड्रॅगन’ हा आर्केड खेळ काढला. आर्केड म्हणजे ते नाणे टाकून खेळायचे उभे खोके. दिग्दर्शक होते योशिहिसा किशिमोतो. आदल्याच वर्षी त्यांनी शाळकरी पोरांच्या हाणामारीचा एक खेळ केला होता. तो परदेशात ‘रेनेगेड’ या नावाने गेला. त्यात पडद्यावर नायक एकटाच असायचा आणि चारी बाजूंनी गुंड. ‘डबल ड्रॅगन’ने त्यात जी मोठी भर घातली ती नावातच आहे. इथे नायक दोन. बिली आणि जिमी, ली आडनावाचे सख्खे भाऊ. एक निळ्या कपड्यात, एक लाल. खोक्यावर शेजारी शेजारी दोन दांडे, प्रत्येकाला तीन बटणे: ठोसा, लाथ आणि उडी. दोन माणसांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि एकाच रस्त्यावरून एकाच वेळी पुढे जायचे.

कथा म्हणावी तर चार ओळींची. गुंडांची टोळी भर रस्त्यात मॅरियन नावाच्या मुलीच्या पोटात ठोसा मारते आणि तिला खांद्यावर टाकून नेते. गॅरेजचा दरवाजा उघडतो, दोघे भाऊ बाहेर पडतात. चार टप्पे पार करायचे: शहराची वस्ती, कारखान्याचा परिसर, जंगल आणि टोळीचा अड्डा. वाटेत बेसबॉलची बॅट, चाबूक, सुरा, पिंप, जे हाताला लागेल ते उचलून हाणायचे. शेवटी विली नावाचा म्होरक्या मशीनगन घेऊन समोर येतो. तो पडला की खेळ संपायला हवा. पण दोघेही भाऊ तोवर जिवंत असतील, तर खेळ संपत नाही. आता त्या दोघांनी आपसात लढायचे, आणि जो उरेल त्याच्याकडे मॅरियन येणार.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. या खेळात पहिल्या मिनिटापासून भावाचा ठोसा भावाला लागतो. गुंडाला मारताना हात चुकला की शेजारचा कळवळतो आणि खोक्यासमोर भांडण सुरू होते. म्हणजे सहकार आणि वैर या दोन्ही शक्यता पहिल्यापासून एकाच बटणात ठेवलेल्या आहेत. शेवटचा प्रसंग त्यातली दुसरी उघडी करतो, इतकेच. मूळ खेळाचा विषय मारामारी नव्हेच. दोघांनी एका वाटेने चालणे, हा त्याचा विषय. मारामारी ही त्याची भाषा.

आता घरगुती आवृत्तीकडे येऊ. टेक्नोसनेच ती फॅमिकॉमसाठी १९८८ मध्ये केली. अमेरिकेत हेच यंत्र एनईएस म्हणून विकले जात असे. यंत्र १९८३ सालचे, घरातल्या टीव्हीला जोडायचे, मुलांच्या खिशाला परवडेल असे. त्याच्या मर्यादा जरा समजून घेऊ, फार तांत्रिक होणार नाही. पडद्यावर जे हलते, म्हणजे माणसे, सुरे, दगड, ते आठ ठिपके रुंदीच्या लहान लहान तुकड्यांचे बनते. असे तुकडे पूर्ण पडद्यावर चौसष्ट, आणि एका आडव्या ओळीत फक्त आठ. एका माणसाच्या रुंदीला दोन तुकडे धरले तरी चार माणसे शेजारी उभी राहिली की ओळ भरली. त्यापुढचा तुकडा दिसेनासा होतो. म्हणून जुन्या खेळांत माणसे लुकलुकायची. आमच्या सौभाग्यवतींना तेव्हा वाटायचे की टीव्ही बिघडला.

तर या यंत्रावर आर्केडची गर्दी मावणार नव्हती. घरगुती आवृत्तीत एका वेळी समोर येतात जास्तीत जास्त दोन गुंड. पात्रे बुटकी झाली, रंग कमी झाले. आणि सगळ्यात मोठे म्हणजे, दुसरा भाऊ गेला. दोन जणांना खेळायचेच असेल तर पाळीपाळीने. एकाचा मेला की दुसऱ्याने रिमोट हातात घ्यायचा. भरपाई म्हणून एक वेगळा प्रकार दिला आहे, त्यात दोघांनी समोरासमोर कुस्ती करायची. म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध खेळता येते. एकमेकांच्या बरोबर मात्र येत नाही.

यंत्रच तोकडे होते, त्याला कोण काय करणार, असे कोणी म्हणेल. हे पूर्ण खरे नाही. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, त्याच कंपनीने त्याच यंत्रावर ‘डबल ड्रॅगन २’ काढला आणि त्यात दोघे भाऊ एकत्र चालतात. १९८८ मध्येच सेगाच्या घरगुती यंत्रावर पहिल्या खेळाची जी आवृत्ती आली, तिच्यातही दोघांना बरोबर खेळता येते; चित्रे लुकलुकतात, पण खेळता येते. तेव्हा ‘यंत्राने नाकारले’ हे अर्धसत्य आहे. त्या वर्षी, त्या हातांना ते जमले नाही, एवढेच म्हणू.

आमच्या शास्त्रात अभावाचा फार बारीक विचार झालेला आहे, तो इथे उपयोगी पडतो. नैयायिक म्हणतात, नुसता अभाव असा कधी नसतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ‘जमिनीवर घडा नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी आणि जमीन अनुयोगी. ज्याला घडा मुळात माहीतच नाही, त्याला जमीन दिसेल, पण घड्याचा अभाव दिसणार नाही. आमच्या घरात नेमके हेच झाले होते. थोरल्याने पार्लरमध्ये खेळ पाहिला होता, म्हणून त्याला कॅसेटमध्ये भाऊ ‘नाही’ हे दिसत होते. धाकट्याला एकटा बिली दिसत होता आणि त्यात काही उणे आहे असे त्याला वाटतही नव्हते.

आता या अभावाचे करायचे काय? तोकड्या माध्यमात आलेल्या प्रत्येक कृतीपुढे हा प्रश्न असतो. एक मार्ग म्हणजे गप्प राहणे, जणू तिथे कोणी नव्हतेच. दुसरा मार्ग, त्या रिकाम्या जागेला कृतीतच काही काम देणे. आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभे केले, बावन्न पात्रे एका देहात. बाकीचे एक्कावन्न नट नाहीत याची तिथे कोणी तक्रार केली नाही. कारण ती उणीव लपवलेली नव्हती. तिचाच प्रयोग झाला होता.

‘डबल ड्रॅगन’च्या घरगुती आवृत्तीने दुसरा मार्ग धरला. बिली एकटा निघतो, वस्ती ओलांडतो, जंगल ओलांडतो, अड्ड्यात शिरतो, मशीनगनवाल्या विलीला पाडतो. आणि मग समोर येतो जिमी. टोळीचा खरा म्होरक्या तोच होता. तो बरोबर का नव्हता याचे उत्तर शेवटच्या पडद्यावर मिळते: तो पलीकडच्या बाजूला होता म्हणून.

हे किती काटकसरीने केले आहे पाहा. जिमी म्हणजे बिलीचेच चित्र, फक्त रंग बदललेला. म्हणजे नवे चित्र काढायला नको, स्मरणात नवी जागा नको. समोर एकच माणूस आहे, त्यामुळे ओळीतल्या आठ तुकड्यांचा प्रश्नही नाही. ज्या कारणांनी भाऊ सोबती होऊ शकला नाही, त्याच कारणांनी तो शत्रू म्हणून स्वस्तात पडला. नैयायिकांच्या भाषेत जो अभावाचा प्रतियोगी होता, तोच रोजच्या भाषेतला प्रतियोगी, म्हणजे प्रतिस्पर्धी, होऊन परत आला. शब्द एकच आणि दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. आम्ही हा योगायोग मानतो, पण विचार करायला लावणारा योगायोग. आणि कॅसेटवर नाव मात्र तसेच राहिले होते, ‘डबल’. एकट्याने खेळायच्या खेळाच्या माथ्यावर दुसऱ्याची पाटी. शेवटच्या पडद्यापर्यंत तो शब्द तसा लटकतच असतो.

अजून एक बदल आहे आणि तो कमी महत्त्वाचा नाही. आर्केडमध्ये सगळे डाव पहिल्या नाण्यापासून हाती असतात. कोपराचा दणका, उडी मारून लाथ, केस धरून गुडघा, ज्याला येईल त्याने करावे. पार्लरवाल्याला तुम्ही लवकर हरायला हवे असता, कारण मागे रांग उभी असते. घरच्या कॅसेटचे पैसे एकदाच दिलेले असतात, ती महिनाभर तरी पुरायला हवी. म्हणून इथे बिलीला सुरुवातीला साधे ठोसे आणि लाथाच येतात. मारामारी करत गुण साठवायचे; दर हजार गुणांना एक बदाम मिळतो, असे सात बदाम. बदामागणिक नवा डाव शिकायला मिळतो. व्यापाराच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था. पण तिने खेळाचा स्वभावच बदलला. आर्केडचा बिली तयार पैलवान आहे, घरचा बिली शागीर्द आहे. तो एकटाच तालीम करतो, शिकत शिकत पुढे जातो. आणि शिकून झाल्यावर ज्याच्याशी लढायचे, तो आपल्याच अंगाचा निघतो. एकट्याने केलेल्या तालमीच्या शेवटी आरशासमोर उभे राहण्यासारखे हे आहे.

तुलनेला दुसरा एक खेळ घेऊ, म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. कॅपकॉम कंपनीचा ‘फायनल फाइट’ १९८९ साली आर्केडमध्ये आला. जातकुळी तीच, पण देखणेपणात कितीतरी पुढे. मोठमोठे देह, रंगांची उधळण. नायक तीन: कोडी, गाय आणि शहराचा महापौर हॅगर, जो पूर्वीचा कुस्तीगीर आहे. महापौर स्वतः रस्त्यावर उतरून गुंडांना उचलून आपटतो, ही कल्पना आमच्याकडच्या नगरसेवकांनीही विचारात घ्यावी. यातही दोघांना एकत्र खेळता येई. १९९० च्या अखेरीस हा खेळ निन्टेन्डोच्या नव्या यंत्रावर, सुपर फॅमिकॉमवर आला. चित्र पाहाल तर थक्क व्हाल, इतके मुळाच्या जवळ. पण दोघांनी खेळण्याची सोय गेली. तीन नायकांतला गाय गेला. कारखान्याचा एक अख्खा टप्पा गेला. पुढे १९९२ मध्ये जपानमध्ये गायला घेऊन वेगळी कॅसेट काढली, तर तिच्यातून कोडी गायब. म्हणजे तिघे एका घरात कधी नांदलेच नाहीत. ते नांदले १९९३ मध्ये, सेगाच्या सीडीवरच्या आवृत्तीत. तिथे दोघांचा खेळही परत आला, रंग तेवढे फिके झाले.

सुपर फॅमिकॉमवरच्या त्या आवृत्तीत गायच्या रिकाम्या जागेला काही काम दिले आहे का? नाही. तो नाही, बस्स. निवड करायच्या पडद्यावर दोन चेहरे आहेत. ज्याने मूळ पाहिले नाही त्याला काही कळत नाही, आणि ज्याने पाहिले त्याला फक्त हळहळ उरते. आमच्या मते ‘फायनल फाइट’ची ही आवृत्ती उत्तम नक्कल आहे आणि सुमार रूपांतर. ‘डबल ड्रॅगन’ची फॅमिकॉम आवृत्ती सुमार नक्कल आहे आणि चांगले रूपांतर. पु. लं.नी ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केले, तेव्हा लंडनमधली बोली मराठीत येणारच नव्हती. ती कशी आणायची असे विचारत बसले असते तर नाटक झालेच नसते. त्यांनी विचारले, आपल्याकडे माणसाची पायरी त्याच्या कोणत्या उच्चारावरून ठरवतात? रूपांतरकाराचा प्रश्न हा असतो.

इथे काही आक्षेप येतील, ते आम्हीच घेऊन टाकतो.

पहिला आक्षेप: हे सगळे तुम्ही वाचता आहात; करणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते. त्यांना एक शेवट हवा होता आणि रंग बदलून भाऊ उभा करणे सोपे होते. असेलही. पण कर्त्याच्या मनात काय होते, यावर कृतीचा अर्थ बेतायचा नाही, हे विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली सांगून झाले आहे आणि आम्ही ते अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. आठ वर्षांचे मूल उठून येते आणि ‘भाऊ वाईट का’ असे विचारते, तेव्हा अर्थ घडलेला असतो. तो कोणी ठरवून घडवला की जागेच्या टंचाईने घडवला, हा नंतरचा प्रश्न.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘डबल ड्रॅगन २’मध्ये जिमी पुन्हा बिलीच्या बाजूला असतो, जणू काही झालेच नाही. म्हणजे कर्त्यांनी स्वतःच तो शेवट मागे घेतला. खरे आहे. यावरून इतकेच ठरते की मालिकेला तो शेवट नको होता. त्या एका कॅसेटला तो हवा होता, हे आमचे म्हणणे त्याने खोटे ठरत नाही.

आणि दोष? ते आहेत, भरपूर आहेत. मारामारीच्या खेळात उड्या मारण्याचे टप्पे घुसडले आहेत आणि उडीचा अंदाज येत नाही. शेवटच्या अड्ड्याच्या भिंतीतून दगड बाहेर येतात आणि नशीब असेल तरच वाचता. सगळ्या लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. आर्केडमध्ये निदान आणखी एक नाणे टाकता येते, इथे तीही सोय नाही. मूळ खेळात गर्दीतून वाट काढण्याची जी धडकी होती, ती इथे दोन गुंडांवर येऊन निवली. रूपांतर चांगले म्हटले म्हणून हे दोष झाकायचे नाहीत.

तिसरा आक्षेप मॅरियनच्या बाजूने आहे आणि तो दोन्ही आवृत्त्यांना लागू पडतो. तो आमच्या घरातूनच आला, पण त्याविषयी थोड्या वेळाने.

त्याआधी, जे आम्हाला फार उशिरा कळले ते सांगायला हवे. इतका वेळ आम्ही पडद्याच्या आतल्या भावांविषयी बोललो. पडद्यासमोर सतरंजीवर बसलेल्या भावांचे काय? पाळीपाळीने खेळायचे याचा अर्थ काय होता, ते पाहा. थोरला खेळतो आहे, धाकटा बघतो आहे. धाकट्याची पाळी कधी येणार? दादा मेला की. म्हणजे तो शेजारी बसून दर मिनिटाला दादाच्या मरणाची वाट पाहतो आहे. “मर ना आता, माझी पाळी येऊ दे!” हे वाक्य आमच्या घरात दिवसातून वीस वेळा ऐकू यायचे आणि आम्ही आतून ओरडायचो, “शुभ बोला रे!” पार्लरमध्ये भाऊ मेला तर तुमचेच नुकसान, दोघांच्या वाटचे गुंड तुमच्या एकट्याच्या अंगावर. घरात भाऊ मेला तर तुमचा फायदा. तेच दोन भाऊ, तीच हाणामारी. पण सोबत्याचे शत्रूत रूपांतर शेवटच्या पडद्यावर झालेले नाही. ते पहिल्या पाळीलाच, सतरंजीवर होऊन गेले होते. शेवटच्या पडद्याने फक्त त्याची कबुली दिली.

म्हणून ती आवृत्ती आम्हाला प्रामाणिक वाटते. तिने मुलांना एकमेकांच्या विरुद्ध बसवले आणि शेवटी तसे सांगितलेही. पण प्रामाणिक म्हणून ती निर्दोष ठरत नाही. समीक्षकाला इथे मोह होतो, अर्थ सापडला की नुकसान विसरण्याचा. आमचे विद्यार्थी जे आज इथे आहेत त्यांना हे मुद्दाम सांगतो: उणिवेतून अर्थ निघाला म्हणून उणीव भरून निघत नाही. त्या दोन मुलांना एकत्र खेळायचे होते आणि ते मिळाले नाही. हे खातेवहीत लिहायलाच हवे, मग समोरच्या पानावर कितीही सुंदर अर्थ जमा होवो.

आता शेवटचे. मूळ आर्केड आवृत्ती आता घरच्या यंत्रांवरही मिळते, जशीच्या तशी, गर्दी झाली की संथ होणाऱ्या तिच्या जुन्या खोडीसकट. मागच्या दिवाळीला धाकटा परदेशातून आला होता, थोरला पुण्याहून. दोघेही आता चाळिशी ओलांडलेले, एकाला चष्मा, एकाची पाठ दुखते. नातवंडांच्या यंत्रावर त्यांनी तो खेळ लावला. आम्ही मागे आरामखुर्चीत बसलो. तासभर दोघे एकमेकांना “मागे बघ, मागे बघ” म्हणत होते. आमच्या घरात हे वाक्य या खेळासाठी पहिल्यांदाच उच्चारले जात होते. चुकून ठोसे लागत होते, शिव्या जात होत्या. विली पडला. आणि खेळाने त्यांना समोरासमोर उभे केले.

थोरला थांबला. म्हणाला, “आता?” धाकटा म्हणाला, “आता काय, मार.”

कोण जिंकले ते सांगत नाही. दोघांच्या आठवणी आत्ताच वेगळ्या झालेल्या आहेत.

आमच्या सौभाग्यवती फराळाचे ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडद्यावरची मुलगी पाहिली आणि विचारलं, “या दोघांपैकी कोण हवाय ते तिला कुणी विचारलं का?” खोलीत एकदम शांतता. हाच तो तिसरा आक्षेप. भाऊ सोबती की शत्रू यावर आम्ही इतका काथ्याकूट केला, पण दोन्ही आवृत्त्यांत मॅरियन ही बक्षिसाची वस्तूच आहे. तिचा अभाव तर आम्हालाही दिसला नव्हता. २०२३ साली आलेल्या या मालिकेतल्या एका नव्या खेळात तिला घेऊन खेळता येते. 

मग धाकट्याने आमच्याकडे वळून विचारलं, “बाबा, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कॅसेट स्वस्तातली आहे म्हणून. आठवतं?” आम्ही म्हणालो, आठवतं. आणि इतक्या वर्षांनी त्याला नीट सांगितलं की ते यंत्र लहान होतं, त्यात दादाला जागा नव्हती, आणि ज्यांनी तो खेळ केला त्यांना दादा नाही असं नुसतं सोडून देणं पटलं नसावं, म्हणून त्यांनी त्याला शेवटी आणून उभं केलं. शत्रू म्हणून का होईना, पण आणलं. तो जरा विचार करून म्हणाला, “मला तेव्हा वाटायचं, मी नीट खेळलो नाही म्हणून तो तिकडे गेला.”

आठ वर्षांच्या मुलाने ते मनात धरले होते आणि आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. आज ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना एवढीच विनंती, की असा प्रश्न आला तर मान वर करावी.

वेळ संपली आहे, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. प्रश्न असतील तर जरूर घेऊ.